घरची टाकी

आमच्या शेजारचे नाना स्वतःच्या स्वयंपाकघरात अर्धी भरलेली गॅसची टाकी उभी असताना, डाळीचा कुकर घेऊन आमच्या दारात येतात.

"सूनबाई, तीन शिट्ट्या दे. मनी टाकी संपनी."

जळगावच्या या कॉलनीत आम्ही नवीन होतो तेव्हा मला वाटलं, बिचारे एकटे आहेत, काकू आम्ही यायच्या आधीच गेलेल्या, मुलगा पुण्याला, नंबर लावायचं विसरत असतील. एकदा शिजलेली डाळ परत द्यायला मी त्यांच्या घरात गेले, तर ओट्याशेजारी पाटावर एक टाकी विराजमान. अंगावर पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा. हळदीकुंकू तेवढं वाहायचं राहिलं होतं.

"नाना, ही रिकामी आहे का?"

"नही. अर्धी भरेल शे."

"मग हिला काय झालं?"

"ती घरनी शे," नाना म्हणाले. "ती लावत नहीत."

नाना मूळचे धुळ्याचे. आयुष्य तिथल्या सूतगिरणीत काढून निवृत्तीनंतर इकडे आले. चार वाक्यं शुद्ध बोलतात, पाचव्याला धुळं बाहेर येतंच. त्यांच्या कनेक्शनवर दोन टाक्या आहेत. पाटावरची 'घरची'. दुसरी येते-जाते, म्हणून ती 'पाहुणी'. नाना पाहुणीवर स्वयंपाक करतात, ती संपली की आमच्याकडे येतात आणि घरची मात्र पाटावर बसून दोघांची गंमत बघते. म्हणजे पाहुणीनं राबायचं आणि घरचीनं मिरवायचं. असं सासर मला कुणी दाखवलं नाही.

विचारायला जावं तर भाषण ऐकावं लागतं. रिकामी टाकी देऊन दुसरीच भरलेली घ्यायची, ही पद्धतच नानांना मान्य नाही. "गिरणीत आपण डबा देतो. दळण कोणाच्या डब्यात येतं? आपल्याच ना? का गिरणीवाला म्हणतो, हा घ्या समोरच्या बाईचा डबा, पीठ सारखंच आहे? मग मनी टाकी भरीसन मालेच द्या. बठ्ठा चोर शेतस."

या सगळ्या चोरांचा प्रतिनिधी म्हणजे गाडीवर टाक्या आणणारा संतोष. नानांचं घर आलं की तो आधी पाणी पिऊन घेतो. नाना आलेल्या टाकीभोवती प्रदक्षिणा घालतात, पोचे शोधतात, रंग कुठे उडालाय ते बोटानं दाखवतात, आणि समाधान होईपर्यंत मोबाइलवरचा ओटीपी सांगत नाहीत. ओटीपी दाबून धरणारा माणूस किती ताकदवान असतो, हे मी नानांच्या दारात शिकले.

"नाना, प्लांटवर टाक्यांचा डोंगर असतो," संतोष काकुळतीला येतो. "तुमची त्यात कोण शोधणार?"

"म्हणून तर पट्टा मारेल शे."

"तर द्या मग पट्टेवाली."

"ती नही."

झालं. जी परत मिळावी म्हणून पट्टा मारला, ती द्यायचीच नाही. यावर आपण काय बोलणार?

आणि त्या घरचीचे लाड तरी किती. दर दोन-चार दिवसांनी नाना तिला ओल्या फडक्यानं पुसतात आणि समोर स्टूल टाकून बघत बसतात. रिकाम्या भागावरची ओल पटकन वाळते, गॅस असतो तिथली रेंगाळते. टाकीत किती शिल्लक आहे ते बघायची ही जुनी युक्ती आहे. पण वापरतच नाही त्या टाकीतलं कमी काय होणार? आमचे हे म्हणायचे, "वय झालंय, सोड." मी काही सोडत नव्हते. "आज आंघोळ झाली का हो घरचीची?" असं मी कुंपणावरून विचारायची. नाना नुसते हसायचे.

मग वर्षाला, म्हणजे माझ्या नणंदेला, बघायला चोपड्याचे पाहुणे आले. हल्ली नुसत्या पोह्यांवर कोणी पसंती देत नाही, थेट जेवायला येतात. शेवभाजी झाली, भात झाला, पहिल्या पुऱ्या पानात पडल्या आणि गॅस गेला. आमची दुसरी टाकी नंबरात होती, तिची गाडी 'निघाली आहे' असं मोबाइल सकाळपासून सांगत होता. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू गॅस मीच पिऊन टाकला.

मी कुंपणाशी धावले. "नाना, पाहुणी आहे का?"

"संपनी," नाना म्हणाले. तेही कुकर हातात घेऊन निघालेच होते.

घरची मागायची माझी छाती झाली नाही. वर्षाला बघायला आलेत, तेवढं सांगितलं आणि वळले. थोड्या वेळानं मागच्या दारी टाकी फरशीवरून गोल फिरवत आणल्याचा आवाज आला. पिवळा पट्टा.

"पोरीचं काम शे," नाना म्हणाले. रेग्युलेटर त्यांनीच बसवला. मग बटणावर हात ठेवून थांबले. "तुमची काकू गेली ना, त्या दिवशी सकाळी हिच्यावरच चहा करेल होता तिनं. गॅस तिनंच बंद करेल शे. नंतर मी ही टाकी लावेल नही."

कढईत तेल वाट बघत होतं. बाहेरून सासूबाईंची हाक आली. नानांनी शेगडी पेटवली आणि जाळाकडे बघत म्हणाले, "चांगली जळस." मग मला म्हणाले, "जेवढी राही तेवढी आनी दे. फक्त बदलू नको."

ते गेले. मला तिथेच रडू आलं, पण तेल तापलं होतं.

त्या दिवशी मी आयुष्यातल्या सगळ्यात घाईच्या पुऱ्या तळल्या. शेवटची पुरी कढईतून काढायच्या आधी गॅस बंद केला, तापलेल्या तेलात ती आपली आपण फुगली. नवऱ्या मुलाला आणखी पुरी हवी होती, मी भात वाढला. त्याच्या मावशीनं दोनदा चहाची आठवण काढली, मी दोनदा ताक आणून दिलं. सासूबाईंचा चेहरा बघायची सोय नव्हती. पाहुण्यांनी पसंती कळवली खरी, पण 'घर जरा हात आखडून वागणारं दिसतं' असंही कळवलं.

दुसऱ्या दिवशी संतोष आमची टाकी घेऊन आला. नानांची टाकी दिसताच त्याचे डोळे चमकले. "वहिनी, ही द्या. बदल्यात पूर्ण भरलेली नेऊन ठेवतो. म्हाताऱ्याचा फायदा, माझी कटकट संपली."

"हात लावू नकोस," मी म्हणाले. "गिरणीत डबा देतोस, तेव्हा दुसऱ्याचा घेऊन येतोस का?"

संतोषनं माझ्याकडे पाहिलं, नानांच्या घराकडे पाहिलं आणि पाणी मागितलं.

संध्याकाळी मी आणि ह्यांनी टाकी नानांकडे नेऊन पाटावर ठेवली. मी म्हटलं, "नाना, काही उरलंय की नाही, मला कळत नाही." त्यांनी फडकं भिजवून आणलं, वरपासून खालपर्यंत टाकी पुसली आणि स्टुलावर बसले. आम्ही मागे उभे राहिलो.

वरची ओल गेली. मग मधली गेली. पिवळा पट्टाही कोरडा पडला. अगदी तळाशी, चार बोटं उंचीची एक ओली कड तेवढी राहिली, ती काही हलेना.

नानांनी तिथे हात लावून पाहिला.

"अजून शे," ते म्हणाले.