फोटोपुरता चोपन्न नंबर

एक गोष्ट आधीच छातीठोकपणे सांगून टाकतो. एलरी कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं सामान मी एकोणतीस वर्षं सांभाळतोय, आणि एवढ्या काळात चुकीचा शर्ट चुकीच्या अंगावर गेलेला नाही. एकदाही नाही! कोणाचा डावा पाय उजव्यापेक्षा अर्ध्या नंबराने मोठा आहे, हे त्याच्या आईला ठाऊक नसेल, पण मर्ल डालक्विस्टला ठाऊक असतं.

आणि म्हणूनच जानेवारीतल्या त्या शनिवारी काय झालं, ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी माझ्याकडूनच ऐका.

आमच्या सामानखोलीच्या मागच्या अंगाला दोन मोठे ड्रायर आहेत. बाहेर नेब्रास्काचा बर्फ पडत असतो, मैदान कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही, आणि आत ऊब असते, साबणाचा वास असतो, काचेआड जांभळे शर्ट गोल गोल फिरत असतात. तिथे स्टुलावर टेकलं की मला सप्टेंबर, आमच्या सामन्यांचा महिना, दिसतो. खोटं नाही सांगत, अगदी दिसतो! हिरवंगार मैदान, पिवळं ऊन, आणि बोगद्यातून आपली पोरं धावत बाहेर येतायत. आवाज नसतो. सगळं कसं पाण्याखाली चालल्यासारखं सावकाश. नॉर्मा, म्हणजे माझी बायको, म्हणते, "तू तिथे बसून चक्क झोपतोस." झोपत नाही हो. दिसतं!

या वर्षी मात्र त्या सप्टेंबरातल्या पोरांना चेहरेच नव्हते. कारण आमच्याकडे नवे कोच आले होते.

कोच प्रुइट जॉर्जियाचे. आवाज मधात घोळलेला, बोलणं सावकाश, आणि लहानथोर सगळ्यांना "भाऊ" म्हणायची सवय. माणूस गोड, पण आल्यापासून तीन आठवड्यांत एक्केचाळीस पोरं गेली! जायचं म्हणजे काय, तर दुसऱ्या कॉलेजात जायच्या बदलीच्या यादीत आपलं नाव टाकायचं. नाव पडायचा अवकाश, की देशभरचे कोच गुळाला मुंगळे लागावेत तसे येऊन चिकटतात. आमच्याकडेही अशीच परगावची चौतीस आली. लॉकरवर पितळी पाट्या लावणं मी सोडूनच दिलं, चिकटपट्टीवर पेनाने नावं लिहायला लागलो. एक पठ्ठ्या सकाळी आला, दुपारी त्याला आणखी बरं कॉलेज मिळालं आणि गेला. त्याचा टॉवेलसुद्धा वाळला नव्हता!

जुने दोघे-तिघेच उरले होते, आणि त्यातला गावाला नावानिशी माहीत असलेला गडी एकच. एमेट स्कॅला. पंचवीस मैलांवरच्या शेतावरचा, गाईगुरांत वाढलेला, चार वर्षं आमचा सेंटर. सेंटर म्हणजे मधोमध वाकून चेंडू मागच्याला देणारा आणि समोरच्या धिप्पाडाची धडक अंगावर घेणारा. टाळ्या मागच्याला, काळेनिळे डाग याला. नंबर चोपन्न. त्याचं पाचवं आणि शेवटचं वर्ष बाकी होतं. आम्हाला मूलबाळ नाही. हा पोरगा शेवटचा सामना खेळेल तो आमच्याच शर्टात खेळावा, एवढंच माझं देवाकडे मागणं होतं.

त्या शनिवारी टव्हेरियस बून नावाचा पाहुणा येणार होता. साडेसहा फूट उंच, साडेतीनशे पौंड वजन. आमच्या संघात यावा म्हणून कोच आल्यापासून त्याच्यामागे लागले होते. आता आमच्यात पद्धत अशी, की पाहुणा आला की त्याला हवा त्या नंबरचा शर्ट चढवायचा, दिव्यांच्या झोतात उभं करायचं, फोटो काढायचा आणि तासाभरात तो सगळ्या जगाला दाखवायचा. मग तो येवो न येवो!

बून खिडकीशी आला आणि माझ्या खोलीतला उजेडच गेला. शेजारी त्याची आजी, रविवारची टोपी शनिवारी घालून आलेली.

"काका, सत्त्याहत्तर," तो म्हणाला.

त्याच्या मापाच्या शर्टांचा गठ्ठा बर्फामुळे वाटेतच अडकला होता. मी हे सांगणार, तेवढ्यात मागे ड्रायर घरघरला आणि मला सप्टेंबर दिसायला लागला. एमेट वाकलाय, त्याच्या शेजारी हा डोंगर. दोघांनी मिळून एक धक्का दिला, आणि समोरच्या फळीत गोठ्याच्या दाराएवढी वाट उघडली! अहाहा! मी त्या वाटेने चालतच निघालो होतो. भानावर आलो तेव्हा खोलीतला सगळ्यात मोठा शर्ट माझ्या हातून बूनच्या हातात गेलेला होता.

"हा तर चोपन्न दिसतोय," आजी म्हणाल्या.

"फोटोपुरता हो, आजी!" मी म्हणालो. "फोटोपुरता चालतंय!"

एक वाजता फोटो झळकला. बून हात पसरून उभा, छातीवर चोपन्न, आणि खाली ठळक अक्षरांत, "घर सापडलं!"

दोन वाजता एमेट खिडकीशी आला. मी भलताच खुशीत होतो.

"काका, त्याला शर्ट तुम्हीच दिलात?"

"मग! दुसरं कोण देणार?"

"बरा दिसला?"

"बरा? झकास! जरा घट्ट होतोय, पण तिथेच जन्मल्यासारखा दिसत होता!"

"बरं," एमेट म्हणाला. त्याने आपलं हेल्मेट खिडकीच्या फळीवर ठेवलं. "हे राहू दे तुमच्याकडे."

मला वाटलं, पुसायला दिलंय. मी ते शीळ घालत तासभर घासलं. त्यात माझं तोंड दिसेपर्यंत घासलं!

साडेतीनला नॉर्माचा फोन आला. "मर्ल, एमेटने बदलीच्या यादीत नाव टाकलंय. बेकरीत बायका रडतायत. तू काय केलंस?"

"मी काय केलं? मी हेल्मेट पुसतोय!" असं मी म्हणालो खरा, पण म्हणता म्हणताच एमेटने हेल्मेट का ठेवलं ते कळलं. धावत कोचच्या खोलीत गेलो, तर तिथे आणखीच तऱ्हा. एमेट जातोय म्हणजे नव्या कोचला जुनी फळी नकोच, असं समजून त्याच्या उजव्या-डाव्या बाजूच्या दोघांनीही नावं टाकली होती! आणि कोच माझ्याकडे कौतुकाने बघत होते.

"मर्लभाऊ, मानलं तुम्हाला. एमेट जाणार हे आम्हाला कुणाला कळलं नाही, पण तुम्ही सकाळीच त्याचा शर्ट नव्याला देऊन मोकळे! आता चोपन्न बूनलाच देऊन टाकू."

त्या क्षणी बर्फाने मला पोटात घेतलं असतं तरी चाललं असतं. मी सगळं ओकून टाकलं. ड्रायर, सप्टेंबर, गोठ्याचं दार, सगळं.

"भाऊ, त्याला मी काढलेलं नाही," कोच म्हणाले. "त्याची जागा त्याचीच आहे. पण यादीतून नाव काढायचं ते त्यानेच. आज फोन करून पाहिला, तो उचलत नाही. तुम्ही घातलाय हा घोळ, तुम्हीच जा."

रविवारी सकाळी निघालो. शेजारच्या सीटवर नॉर्माने बांधून दिलेलं चिलीचं, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्श्याचं, पातेलं आणि दालचिनीचे रोल. दोन्ही बाजूंना पांढरी शेतं, वर पांढरं आभाळ, रस्ता मध्येच विरघळून जायचा आणि परत सापडायचा. गाडी जमिनीवर चाललीय की हवेत, कळत नव्हतं. मनातल्या मनात मी एमेटची समजूत घातली, त्याला घेऊन परत आलो, आणि गावाने माझा सत्कारसुद्धा केला.

स्कॅलांच्या अंगणात सहा गाड्या उभ्या होत्या.

दार एमेटच्या आईने उघडलं. "बूट काढा. सहा जोड आहेत, त्यांच्या शेजारी ठेवा आणि आत रांगेत बसा."

"अहो, मी कोच नाही. मी मर्ल."

"मग सातवे बसा."

स्वयंपाकघरात सहा कॉलेजांचे सहा कोच नुसत्या मोज्यांवर कोलाचे, म्हणजे मुरंबा भरलेले गोड पाव, खात बसले होते. एकाच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, तो दुसऱ्या पायाखाली लपवत होता. सगळ्यात धूर्त होता तो एमेटच्या आईची भांडी पुसत होता!

"कुठलं कॉलेज?" अंगठेवाल्याने विचारलं.

"एलरी."

"एलरी? तुम्हाला कशाला हवाय? तुमच्याकडे नवा चोपन्न आलाय ना. फोटो पाहिला. दणकट आहे हो!"

मी पातेलं तिथेच ठेवलं, बूट परत पायात चढवले आणि रोल घेऊन मागच्या दाराने गोठ्यात सटकलो. एमेट गाईंना चारा टाकत होता. त्याने वळून पाहिलं नाही.

"पोरा," मी म्हणालो, "तो शर्ट फोटोपुरता होता रे! मापाचा दुसरा नव्हता म्हणून दिला. एका फोटोवर विश्वास ठेवून कोणी घर सोडतं का? विचारायचं तरी!"

"विचारलं होतं, काका. तुम्ही म्हणालात, तिथेच जन्मल्यासारखा दिसत होता."

गाय रवंथ करत माझ्याकडे बघत राहिली.

"कोचने दिला असता ना, तर मी भांडलो असतो," एमेट म्हणाला. "कोच काय, आज आहेत, उद्या नाहीत. पण चार वर्षं तो शर्ट तुम्ही धुतलात. रक्ताचे डाग काढलेत, फाटला तेव्हा शिवलात. तोच तुमच्या हातून दिला गेला, तेव्हा मला वाटलं, संपलं आपलं."

माझे डोळे भरून आले. थंडीने आले असं मी त्याला सांगितलं.

"चुकलो रे," मी म्हणालो. "म्हातारा स्वप्नात होता. त्या स्वप्नात तूच होतास, पण तुला ते कसं कळणार?"

"विचार करतो," एवढंच तो म्हणाला. माझ्या हातातला एक रोल तेवढ्यात गाईने खाल्ला.

सोमवारी सकाळी मी चहा घेत फोन उघडला, आणि कप हातातच राहिला. संघाचा नवा फोटो! माझी सामानखोली. माझी खिडकी. खिडकीमागे माझ्या स्टुलावर एक अनोळखी टकलू माणूस, अंगात जांभळं जाकीट, हाताची घडी, कमरेला माझा किल्ल्यांचा जुडगा. आणि खाली, "कुटुंबात नवा गडी! स्वागत!"

मला ते लगेच पटलं. का पटू नये? माझ्यामुळे संघातला मोती गेला, त्याच्याबरोबर आणखी दोघे गेले. शिवाय नवा कोच आपली माणसं आणतोच! मी मागच्या दाराने आत शिरलो, माझी सुई-दोऱ्याची पेटी आणि नॉर्माचा फोटो एका खोक्यात भरला, कुणाच्या नजरेला न पडता घरी आलो आणि तडक शेजारच्या गावातल्या कॉलेजला फोन लावला. मर्ल डालक्विस्टला काय तेवढंच एक दार आहे?

"कुठून येऊ इच्छिता?" तिकडची बाई म्हणाली.

"एलरी."

"अगबाई, तिथून तर रोजच फोन येतात! उंची?"

"पाच फूट सात."

"वजन?"

"थंडीत की उन्हाळ्यात?"

"राहू द्या. अजून किती वर्षं शिल्लक आहेत?"

"डॉक्टर म्हणतात, वीस तरी."

"कळवू," असं म्हणून तिने फोन ठेवला.

दुपारी दारावर थाप पडली. बाहेर एमेट, त्या सहा कोचांसारखे बूट काढून हातात घेऊन उभा!

"काका, चला."

"कुठे? माझी जागा भरली." मी आवाज शक्य तेवढा कोरडा ठेवला आणि त्याच्यापुढे फोटो धरला.

एमेटने तो पाहिला, आणि तो खांब धरून हसायला लागला. एवढा हसला की ओसरीच्या छपरावरचा बर्फ खाली पडला. "काका, हा ड्रायर दुरुस्त करायला आलाय! मोठा ड्रायर रात्री बंद पडला. मागचा पाण्याचा पाइप फुटून बिचारा भिजला, म्हणून कोचनी त्याला जाकीट आणि किल्ल्या दिल्या. आणि नवा माणूस दारात दिसला की फोटो काढल्याशिवाय आपल्याकडे कोणी सोडतं का?"

मी फोन खाली घेतला.

"तुम्ही विचारलंत कुणाला?"

मी फोन खिशात घातला.

"विचारायचं तरी!" स्वयंपाकघरातून नॉर्मा ओरडली. आदल्या रात्री गोठ्यातला सगळा संवाद मीच तिला रंगवून सांगितला होता.

"पण तू इथे कसा?" मी एमेटला विचारलं.

"सकाळी नाव काढलं यादीतून. ते दोघेही परत आलेत. हेल्मेट घ्यायला गेलो, तर खिडकीवर तुम्ही नाही. तो टकलू म्हणतो, कुठलं हेल्मेट? काका, तुम्ही नसाल तर मी कोणासाठी राहू?"

मी खोकं उचललं आणि त्याच्या गाडीत जाऊन बसलो. बर्फ थांबला होता, शेतांवर ऊन पसरलं होतं, आणि काच उघडी असल्याने एमेट काय बडबडत होता ते मला अर्धंच ऐकू येत होतं. मी डोळे मिटले. सप्टेंबर आला. या खेपेला मधोमध वाकलेल्या पोराला चेहरा होता.

कोच आमची वाट बघत दारातच उभे होते. त्यांनी एमेटच्या पाठीवर थाप मारली, म्हणाले, बून येतोय, पण सत्त्याहत्तरच घालणार. चोपन्नमध्ये नातवाचा श्वास कोंडला होता, असं आजींनी ठणकावून सांगितलंय. मग मधाळ आवाजात माझ्याकडे वळले.

"मर्लभाऊ, शेजारच्या कॉलेजातून फोन आला होता. म्हणाले, आमचा एक गडी त्यांच्याकडे जायला बघतोय. उंची पाच फूट सात, आणखी वीस वर्षं खेळेन म्हणतो. सोडताय का, विचारत होते."

एमेट छताकडे बघायला लागला. माझे कान गरम झाले.

"मग... तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, न्या खुशाल. पण आधी तुमचा शर्ट चढवून एक फोटो काढा त्याचा!"