सुतकातला संगणक

घरी जोडलेल्या संगणकाला सुतक लागतं, दुकानातून तयार आणलेल्याला लागत नाही. अनंत रिसवडकरांना हे ऐकून माहीत होतं. पण कराडच्या त्यांच्या घरात तशी वेळ कधी आली नव्हती.

त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई गेल्या त्या दिवशी संगणक बंद पडला. दिवसकार्य आटोपलं, पाहुणे पांगले. अनंतरावांनी बटण दाबून पाहिलं, तर साधा दिवाही लागला नाही.

तो संगणक प्रमिलाबाईंनी जोडला होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या अंध मुलींसाठी पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायच्या, त्यासाठी तो हवा होता. अनंतरावांचं म्हणणं, तयार घेऊ. एकदा पेटीतून काढला की झालं, बिघडला तर कंपनीचा माणूस येतो. प्रमिलाबाईंना ते पटलं नाही.

"आपण जोडला तर कुठं दुखतंय ते आपल्याला कळेल," त्या म्हणाल्या होत्या.

सुटे भाग आले तेव्हा त्यांनी जमिनीवर चादर अंथरली आणि व्हिडिओ थांबवत थांबवत दुपारभर एकेक भाग बसवला. अनंतराव शेजारी टॉर्च धरून बसले होते. तयार घेतला असता तर एव्हाना चहा झाला असता, असं ते दोनदा म्हणाले. संगणक सुरू झाला तेव्हा मात्र साखर आणायला तेच उठले.

आता त्यात दहावीच्या इतिहासाचं अख्खं पुस्तक अडकलं होतं. बाईंनी ते वाचून पुरं केलं होतं, फक्त शाळेला द्यायचं राहिलं होतं. अंध मुलींच्या शाळेतल्या फरीदा मुजावर भेटायला आल्या. त्या बराच वेळ पुस्तकाबद्दल बोलल्याच नाहीत. निघताना दारात म्हणाल्या, की परीक्षा जवळ आलीय, दुसऱ्या कुणाकडून वाचून घेता येईल, पण मुलींना रिसवडकर बाईंच्या आवाजाची सवय आहे. घाई मात्र नाही. घाई आहे हे दोघांनाही कळत होतं.

अनंतरावांनी दुरुस्तीवाल्या दिलीपला बोलावलं. त्यानं दुरूनच पाहिलं आणि यंत्र ठणठणीत असल्याचं सांगितलं. आतली डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावता येईल का, असं अनंतरावांनी विचारलं. दिलीपला ते आवडलं नाही. सुतकातल्याला कुणी शिवत नाही, आणि तुम्ही त्याचं काळीज काढायला सांगताय, असं तो म्हणाला. मग त्यानं नगरपालिकेत गुरव साहेबांना भेटायला सुचवलं.

गुरव साहेब संगणकांची सुतकं बघत. त्यांची खोली जन्ममृत्यूच्या खिडकीच्या मागे होती. त्यांनी अनंतरावांना बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि जोडणी कुणी केली ते विचारलं.

अनंतराव म्हणाले, सगळी तिनं.

"तुमचा हात कुठंच लागला नाही?"

"मी नुसता टॉर्च धरला होता."

गुरव साहेब विचारात पडले. पलीकडच्या टेबलावर जाऊन त्यांनी एका वयस्क सहकाऱ्याचा सल्ला घेतला आणि परत आले.

"उजेड दाखवणारा हाही जोडणाराच धरतात," ते म्हणाले. "म्हणजे तुम्ही दोघं त्याचे. तुमचं सुतक फिटल्याशिवाय त्याचं फिटणार नाही."

"माझं फिटलं की. तेराव्याला सगळं रीतसर झालं."

"गोड खाल्लंत?"

तेराव्याला पंगत बसली तेव्हा अनंतराव मागच्या अंगणात नळ दुरुस्त करत होते. नळ बिघडलेला नव्हता. त्यानंतर घरात गोड झालंच नव्हतं. चहासुद्धा ते बिनसाखरेचा पीत, आणि कुणी विचारलं तर डॉक्टरांचं नाव सांगत.

मग दुखवटा काढावा लागेल, त्याला उठायला सांगायचं आणि तुम्ही गोड खायचं, असं गुरव साहेब म्हणाले. संगणकाचा दुखवटा संगणकानंच काढायचा असतो, आणि तो काढणारा ज्याला कुणी नाही असा, म्हणजे तयार घेतलेला लागतो. घरी जोडलेल्यांच्या मागे काही ना काही असतंच.

अनंतराव घरी आले आणि नाशिकला मुलीला, हर्षदाला, फोन करून म्हणाले, की तयार संगणक घ्यायचाय. आईचा बाजूला ठेवणार का, असं तिनं विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं. ती म्हणाली, मीच घेऊन येते.

शनिवारी ती आली. नवा संगणक पेटीतून निघाला, काळा, गुळगुळीत, कुणाच्याही ओळखीचा नसलेला. वायर लावताच सुरू झाला. अनंतरावांना त्याचं थोडं वाईट वाटलं. हर्षदानं दोन्ही संगणक टेबलावर समोरासमोर ठेवले, मधे केबल जोडली आणि स्वयंपाकघरात जाऊन शिरा केला.

नव्या संगणकाच्या पडद्यावर काही वेळ काहीच नव्हतं. मग अक्षरं आली, 'चला, उठा आता.'

जुना संगणक हलला नाही.

हर्षदानं शिऱ्याची वाटी वडिलांपुढे धरली. त्यांनी ती हातात घेतली आणि तशीच धरून बसले.

"हे खाल्लं की ती गेली असं होईल," ते म्हणाले.

"बाबा, आई गेलीय."

नव्या संगणकानं तेच वाक्य पुन्हा दाखवलं. त्याला घाई नव्हती. शिरा गार होत आला तेव्हा अनंतरावांनी एक घास घेतला, मग दुसरा. तिसऱ्या घासाला त्यांना रडू फुटलं. तशातच त्यांनी वाटी संपवली. जुन्या संगणकाचा दिवा लागला आणि आतलं पातं घरघरत फिरू लागलं.

पुस्तक सापडलं. शाळेकडे पाठवण्याआधी नीट आहे ना ते ऐकून घ्यायला हवं होतं. हर्षदा ऐकते म्हणाली, पण अनंतरावांनी तिला नाही म्हटलं आणि स्वतः खुर्चीत बसले. बाई नेहमीसारख्या सावकाश, शब्द मोकळे सोडत वाचत होत्या. चौथ्या प्रकरणात त्या मधेच थांबल्या.

"अहो, पंखा बंद करता का जरा? आवाज येतोय."

अनंतराव उठले आणि पंखा बंद करून परत येऊन बसले. घामानं सदरा पाठीला चिकटला, तरी प्रकरण संपेपर्यंत त्यांनी पंखा लावला नाही.

चार दिवसांनी फरीदाबाईंचा फोन आला. पुस्तक मुलींना दिलं होतं. चौथ्या प्रकरणात एक वाक्य पुस्तकाबाहेरचं आहे, ते कापायचं का, असं त्यांनी विचारलं.

"तुमच्या कामात अडचण येते का त्याची?"

"अडचण अशी नाही," फरीदाबाई म्हणाल्या. "ते वाक्य आलं की एक मुलगी भिंत चाचपत जाते आणि वसतिगृहाचा पंखा बंद करते. मग सगळ्या तशाच उकाड्यात बसतात. मी लावायला गेले तर लावू देत नाहीत. म्हणतात, बाईंनी सांगितलंय."



"राहू द्या," अनंतराव म्हणाले. "आणि पाचवं प्रकरण सुरू झालं की लावायला सांगा त्यांना. ती तेवढ्यापुरतंच म्हणायची."