रुद्रेशला बाय गावली

कमलाक्षीने मुलासाठी मुली बघणं सोडलं नव्हतं, फक्त त्याबद्दल बोलणं सोडलं होतं. रुद्रेश डिचोलीच्या एका कॉलेजात खेळ शिकवायचा. वय छत्तीस, केस विरळ. मुलीकडचे यायचे, चहा प्यायचे, खेळाचा सर पर्मनंट असतो का विचारायचे आणि "कळवतो" म्हणून धारगळच्या हायवेला लागायचे. कळवणं हा प्रकारच गोव्यातून नाहीसा झाला असावा.

त्या दुपारी ती कपडे वाळत घालत असताना त्याचा फोन आला. तो फोंड्याला होता, कॉलेजांच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या कामाला.

"आई, बाय गावली."

हातातला टॉवेल हातातच राहिला. पेडण्यात बाय म्हणजे मुलगी, आणि मुलगी म्हणजे या घरातला एकमेव विषय.

"खंय गावली रे?"

"हंयच, फोंड्याक. चिठी उचललंय, आमचीच आयली. आता घराक येतंय."

मग आवाज तुटला. तिने परत लावला तर फोन बंद.

फोंडा म्हणजे देवळं. चिठी म्हणजे कौल. पोराने आईला न विचारता परस्पर देवालाच विचारलं होतं, पण रागवायलाही अंगात ताकद लागते. उलट तिला बरंच वाटलं. इतकी वर्षं आपण उगाच माणसांना विचारत बसलो.

तिने फक्त दिराला सांगितलं. बाबलीचं हायवेवर शहाळ्यांचं दुकान. तिथे थांबलेली गाडी पाण्याबरोबर बातमीही घेऊन जाते. संध्याकाळी तो स्वतः पिशवीभर उंडे पाव घेऊन आला, शेजारची संजना केसांत माळायची अबोलीची वळेसर घेऊन आली, आणि त्यांच्यामागून बाकीचे नुसतेच आले. कमलाक्षीने चणाडाळीचं गोड मणगणं शिजत घातलं होतं. माणसं वाढत गेली तशी ती त्यात नारळाचा रस वाढवत गेली.

रुद्रेश आला तो खांद्यावर बॉलांची जाळी घेऊन. सगळ्यांनी त्याच्या मागे बघितलं. मागे रस्ता होता.

"बाय खंय?" बाबलीने विचारलं.

"कागदार आसा."

"म्हणजे रजिस्टर लग्नाची पयली सय करून आयलंस?"

"केलंय मरे सय. सगळ्याच सरांनी केली."

संजना हातातल्या वळेसरीसकट खाली बसली.

उलगडा व्हायला वेळ लागला. सहा कॉलेजं स्पर्धेत होती. सेमीफायनलला संघ लागतात चार. म्हणून चौघांनी आपसात खेळायचं, दोघे जिंकून पुढे येणार. उरलेल्या दोघांना चिठ्ठ्या टाकून न खेळताच पुढे ढकलायचं. या ढकलण्याला बाय म्हणतात. रुद्रेशची पोरं एकही बॉल न टाकता सेमीफायनलात पोचली होती, आणि उद्या मॅच नाही म्हणून तो घरी आला होता.

शेवटी बाबली म्हणाला, "समोर कोण नाय म्हणान पुढे? आमच्या घरातय इतकी वर्सां समोर कोण नाय. पण पुढे काय सरकणा नाय."

"मणगणं निवतला," कमलाक्षी म्हणाली. "बसा सगळी."

लोक सेमीफायनलच्या नावाने जेवत होते तेव्हा डिचोलीहून गुरुदासांचा फोन आला. शिगम्याच्या वेळी मुलगी गौरवीसाठी मुलगा बघून गेलेले, तेही कळवणार होते. ऐकलं ते खरं काय, असं त्यांनी दुखावलेल्या आवाजात विचारलं. आम्ही नाही कुठे म्हटलं होतं, जरा सवड झाली नाही इतकंच. खोटं बोलण्याचं त्राण कमलाक्षीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बास्केटबॉलपासून सुरुवात करावी लागली असती. तिने फोन मुलाकडे दिला.

त्याने सहा कॉलेजांपासून सुरुवात केली. चार संघांपर्यंत आला तोवर पलीकडे फोन दुसऱ्या कोणी घेतला होता. मग बराच वेळ तो नुसता "हं, हं" करत राहिला. कान लाल झाले.

"त्यांची गौरवी होती," तो स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला. "कॉलेजात बास्केटबॉल खेळायची. बाय म्हटल्यार तिका लगेच कळला. हसत होती. मॅच बघूक येतंय म्हणता. सेमीफायनलाक येव काय फायनलाक, विचारता."

कमलाक्षी ताटं गोळा करत होती. "सेमीफायनलात समोर कोण?"

"वास्कोचे. गेल्या वर्सा जिंकलेले."

तिने ताटं खाली ठेवली.

"मगे तिका सेमीफायनलाकच बोलय," ती म्हणाली. "फायनलाची वाट बघीत रवलंस तर ही बाय पण हातची जातली."