गोऱ्या साहेबानं विचारलं तर

कासीमभाईंना काहीही सांगा, ते आधी विचारणार, “विचारलं कोणी?” मेसचं जेवण सगळ्यांना आवडलं म्हणावं, तर लगेच, “विचारलं कोणी? आचाऱ्यानंच ना? मग झालं कल्याण!”

कासीमभाई रत्नागिरीचे. कुवेतच्या सीमेलगत, खफजीजवळच्या आमच्या कॅम्पवर ते स्टोअरकीपर आणि मी चिपळूणचा टायपिस्ट. गावच्या निवडणुकीत दारोदार माणसं फिरवून ते मतांचा अंदाज काढत. “मुसलमानानं विचारलं की लोक एक सांगायचे, हिंदूनं विचारलं की भलतंच. मी दोघांनाही पाठवायचो!” त्यांचे अंदाज म्हणे कधी चुकले नाहीत. मला तेव्हा ती बढाई वाटायची.

मग लढाई पेटली, कुवेत पडलं. कॅम्प रियाधला हलवायचा का, हे ठरवायला आमच्या गोऱ्या साहेबानं सगळ्यांना गोळा केलं. “कुणाला भीती वाटते?” एक हात वर होईल तर शपथ! “नो प्रॉब्लेम, सर!” पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, गोऱ्यासमोर घाबरलो म्हणणार कोण? मीही ओरडलो, बेंबीच्या देठापासून.

कासीमभाई भडकले. “गोऱ्यानं विचारलं म्हणून सगळे शूर! ह्याला मत म्हणतात?” त्यांनी मल्याळ्यांकडे मल्याळी पाठवला, पठाणांकडे पठाण, सुदान्यांकडे सुदानी. दोन दिवसांत कागद भरला. तो साहेबापुढे ठेवून म्हणाले, “सर, यू आस्क, ऑल ब्रेव्ह. ब्रदर आस्क, ऑल क्राय.”

साहेब आधी हसला. मग त्यानं तांदळाच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायला लावल्या, बिननावाच्या. निकाल कासीमभाईंच्या कागदाबरहुकूम! बसगाड्या मागवल्या गेल्या. काय माणूस होता हो!

निघायच्या सकाळी सगळे पेट्या लादत होते आणि कासीमभाई स्टोअरच्या पायरीवर नुसते बसलेले.

“तुमची पेटी?”

“मी इथंच. सामानापाशी एक माणूस हवा, साहेबानं मलाच विचारलं.”

“मग?”

“मग काय! नो प्रॉब्लेम, सर.”

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी शेजारी बसलो. “कासीमभाई, आता मी विचारतोय. राहायचंय तुम्हाला?”

त्यांनी किल्ल्यांचं जुडगं पायरीवर ठेवलं. “भ्या वाटतं रे,” म्हणाले. “लय भ्या वाटतं.”

मी आत जाऊन त्यांची पेटी उचलली.

“अरे, साहेबाला काय सांगशील?”

“खरं ते,” मी म्हटलं. आणि पेटी खांद्यावर घेऊन साहेबाच्या केबिनकडे निघालो.