भांडी घासणाऱ्या नायकाचा पुरावा

आमच्या प्रकाशन संस्थेत स्त्रियांसाठी हलक्याफुलक्या प्रेमकादंबऱ्या निघतात आणि त्यांतलं काहीही खोटं वाटू नये, ही जबाबदारी माझ्यावर आहे. मी वास्तवता तपासनीस. नायकाच्या मालकीचं बेट असलं की मी डोळे झाकून शिक्का मारतो. पहिल्याच भेटीत त्याने नायिकेसाठी अख्खं हॉटेल विकत घेतलं, तरी माझी हरकत नसते.

परवा मात्र एक हस्तलिखित अडलं. लेखिका दातांच्या दवाखान्यात नंबर लावून देते. पेशंटांच्या कण्हण्यातून वेळ चोरत चार वर्षांत तिने ही पहिली कादंबरी पुरी केलेली. पान बेचाळीसवर नायक जेवून उठतो आणि भांडी घासतो. कुणी न सांगता. मी शेरा मारला : असंभव.

"अहो साहेब, त्यात असंभव काय आहे?" समोर बसून तिने विचारलं.

"बाई, घासेलही एखादा. पण हा नंतर ओटा पुसतो, आणि कुणाला बोलावून दाखवतसुद्धा नाही. वाचकांच्या डोळ्यांत धूळ फेकायची का आम्ही?"

"मग काय करू?"

"हिऱ्याची अंगठी द्या. लगेच पटते."

"ते पान नाही काढणार. त्याच्यासाठीच तर बाकीची दोनशे लिहिली."

तिने ते पान तळहाताखाली दाबून धरलं. मलाही वाईट वाटलं, पण नियम तो नियम. कलम सातनुसार वादग्रस्त नायकासारखा एक हयात पुरुष पुराव्यादाखल हजर करावा लागतो. महिनाअखेरपर्यंत जमलं नाही, तर हस्तलिखित साभार परत.

"घरचा चालेल?" म्हणत तिने तिथूनच नवऱ्याला फोन लावला. ऐकलं आणि ठेवला. "म्हणतो, मी तुला मदत करतोच की."

"मदत कलमात बसत नाही," मी खेदाने म्हणालो.

शेवटी संस्थेने जाहीर आवाहन काढलं : असा पुरुष असल्यास त्याने अर्ज करावा. आठ दिवसांत चारशे बारा अर्ज येऊन पडले. लेखिका आनंदाने गठ्ठे मोजत बसली. माझाही, खरं सांगतो, ऊर भरून आला.

मग छाननी सुरू झाली. एकूण एक अर्ज बायकांच्या अक्षरात. 'ह्यांना वेळ नसतो, म्हणून मी भरतेय.' पुरुषांनी फक्त सही केलेली, तीही बायकोने फुली मारून दाखवलेल्या जागी. त्यांत माझाही अर्ज होता. आमच्या हिचं अक्षर सुरेख आहे.

सगळे बाद ठरले. लेखिका मात्र खुर्चीतून हलेना. "मुदत वाढवा. कुठेतरी असेलच की हो एक."

मुदत वाढवली आहे. अर्ज स्वतः भरावा. मात्र एवढं वाचून 'त्या मानाने मी बराच बरा' असं मनात येऊन गेलं असेल, तर कृपया तसदी घेऊ नये. त्या कारणाचे चारशे बारा आमच्याकडे आहेत.