पूजेस बसविलेल्या दप्तराची हकिकत

श्रीगजानन साह्य. बोलणाऱ्याचे तोंड आणि ऐकणाऱ्याचे कान शाबूत असोत. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, आश्विन मासी विसाजीपंत दफ्तरदार यांनी सरकारी दप्तर देवासारखे पुजून बसविले आणि रयतेस त्याचे दर्शनही देईनात, ऐसी त्यांची वागणूक. माणूस दिसण्यात सालस, सदऱ्यास सुरकुती नाही, तोंडात अधिकउणा शब्द नाही, आणि करणी मात्र घर बुडविणारी. ती कैसी ते लिहितो. ज्यास झोंबेल त्याने आपले आपण चोळावे.

आमच्या मुलुखी नदीकाठचा बुधवारचा बाजार बहुत पुरातन. पालांची रांग देवळापासोन आमच्या ओट्यापर्यंत येई, आणि ओट्यावर बायजा कासारीण बांगड्यांचे ओझे उतरवी, आणि पाणी पिऊन मुलुखाची खबर सांगे, आणि आम्ही तिजला चार शब्द सुनावीत असू, ऐसे उभयतांच्या काळ्याचे पांढरे होईतो चालिले. मग सरकारस्वारीची मर्जी जाहली की बाजार उठवून फाट्यावर न्यावा, कां की तेथे सरदारमंडळींच्या जमिनी. परंतु कायदा ऐसा की रयतेस पुसल्यावाचून बाजार हलवू नये. म्हणोन सभा बोलाविली, आणि ती नेमकी बुधवारी दोनप्रहरी ठेविली. ज्यांच्या पोटावर पाय पडणार त्या बायांनी पाट्या उघड्या टाकून यावे कैसे? मग सभेत सरदार, सरदारांचे जावई, लेखणी घेऊन विसाजीपंत, आणि रयत म्हणावी तर एकट्या आम्ही. आम्ही उभ्या राहोन बोलिलो, “खूप चांगलं केलंत हो, मुडद्यांनो! बायकांच्या तोंडचा घास काढा आणि त्यावर दुकानं बांधा! वाटोळं होईल तुमचं! न्या तो बाजार फाट्यावर, आणि तिथंच तुमची तिरडीही विकायला ठेवा!” आणि बसलो. जावई हसले, पंत खाली मान घालून लिहीत होते.

दुसरे दिवशी कर्ण्यावरून पुकारा जाहला की थोरल्या बाईसाहेबांनी, म्हणजे आम्हीच, भर सभेत पसंती दिली, दप्तरी नोंद आहे. बाजार उठला. मग माळणी आमची वाट टाळून मागल्या गल्लीने जाऊ लागल्या, आणि आम्ही दळणास गेलो असता गिरणीतील बोलणे आपोआप बंद पडे. बायजा आली ती ओट्याखाली उभी राहिली, ओझे उतरविले नाही.

“थोरल्या बाई, तुम्ही?”

“अगं भवाने, मी शिव्या घातल्या त्यांना!”

“दप्तरात तसं न्हाई म्हंत्यात. सरकारचं दप्तर का खोटं बोलतंय?”

आणि गेली. मग बुधवार आला तो आम्ही ओट्यावर बसोन काढिला. मैदान झाडल्यासारखे मोकळे. सांडलेला पाला नाही म्हणोन शेळ्या नाहीत, आणि शेळ्या नाहीत म्हणोन हाकलावयास कोणी नाही. लेक आणि सून परमुलुखी चाकरीस. घरात बोलावे तर भांड्यांशी, आणि भांडी उलट बोलत नाहीत, हा त्यांचा मोठा दोष.

मग आम्ही ठरविले की आपण काय बोलिलो ते आपल्या डोळ्यांनी पाहावे, आणि बायजापुढे धरावे. रयतेने मागावे आणि सरकारने दाखवावे ऐसाही कायदा आहे, तो कचेरीच्या भिंतीवर रंगविला आहे. आम्ही त्याखाली उभ्या राहिलो. पंत उठोन उभे राहिले, पाणी मागविले.

“दाखवलं असतं हो, बाईसाहेब. पण खंडेनवमीला दप्तराची पूजा मांडली आणि उत्तरपूजा राहून गेली. पूजेतली वस्तू हलवू नये, हे आपणास मी काय सांगावं?”

आता दसरा सरला, कोजागरी सरली, झेंडूची फुले वाळून काळी पडली, आणि हा म्हणतो उत्तरपूजा राहिली!

“आणि भिंतीवरचा कायदा?”

“आहेच की. पण धर्म त्याहून थोरला.”

आम्ही पुढे होऊन पाहिले. तांबड्या रुमालांत बांधिलेली दप्तरे, त्यांवर हळदकुंकू, आणि पुढे तांदळाच्या राशीवर सुपारी. पाहून आमच्या जिवात जीव आला.

“पंत, गणपती सुपारीचा मांडलात नव्हं? हा वस्तीला आलेला देव. ह्याला निरोप द्यायला मुहूर्त लागत नाही आणि भटही लागत नाही, चिमूटभर अक्षता लागतात.” आणि त्याच राशीतले तांदूळ उचलून वाहिले, “पुनरागमनायच” म्हणालो, आणि आपल्या हाते सुपारी हलविली. “हलला देव. आता सोडा गाठ.”

कारकून मंडळी रुमालात तोंड घालोन हसली. पंतांनी गाठ सोडिली, कागद काढिला, आणि वाचिले, “थोरल्या बाईसाहेब म्हणाल्या: खूप चांगले केलेत. दुकाने बांधा. बाजार फाट्यावर न्या.”

“आणि मुडदे कुठं गेले? तिरडी कुठाय?”

“दप्तरात अपशब्द येऊ द्यायचा नाही, ही इथली जुनी वहिवाट आहे, बाईसाहेब. तेवढं वगळलं. राहिले ते शब्द आपलेच. पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.”

आणि तो खरे बोलत होता, हेच वाईट.

“मग घाला परत.”

“शिक्का पडला. आता बदलत नाही.”

नक्कल मात्र दिली. तो कागद घेऊन आम्ही फाट्यावर गेलो, आणि वाटेत दोन वेळा मनात आले की फाडून टाकावा, कां की आमच्यावरचा आळ आम्हीच पदरात बांधून चाललो होतो. फाट्यावर दुकाने सरदारांच्या सोयऱ्यांनी धरिली, बायजास बसावयास जागा मिळाली नाही. ती ओझे बांधून टेंपोची वाट पाहत होती, लेकीकडे कायमची जावयास. आम्ही अक्षरास बोट लावून वाचिले. ती म्हणाली, “पुन्ना वाचा.” पुन्हा वाचिले.

“अवो, ह्यात शिवी कुटं हाय? तुमी देवाला निवद दावताना ‘गीळ मेल्या’ म्हंता. शिवी दिल्याबिगर तीन वाक्यं तुमी बोलशीला? हे तुमचं न्हवंच!” आणि पोट धरून हसली, आणि हसता हसता डोळ्यांस पदर लाविला. “मला कुनी वाचूनच दावलं न्हवतं, थोरल्या बाई. नुसतं हाय म्हनले.”

टेंपोवाल्याने भोंगा वाजविला. तिने आमचे मनगट दाबिले, “येत जाईन” म्हणाली, आणि फळीवर चढली. ती येणार नाही, हे तीही जाणे, आम्हीही जाणू.

एवंच, नक्कल हाती आली आणि बोल शाबीत जाहला, तो मुलुखात ज्या एकीपुढे शाबीत करावा तीच गेली. बाजार परतला नाही. बाकी गाव विचारावयास आले नाही, आम्हीही कोणाच्या दारी कागद नाचविला नाही. मग आम्ही पुन्हा कचेरीत गेलो, आणि पंत पाणी मागवू लागले त्यांस हाताने थांबवोन, सर्व कारकुनांदेखत बोलिलो:

“विसाजीपंत, तुम्ही खोटं लिहिलं असतंत तर मी भांडून जिंकले असते. तुम्ही माझा राग तेवढा काढून ठेवलात, आणि राहिलेली गरीब बाई त्यांना देऊन टाकलीत. तुमचे हात स्वच्छ आहेत, मान्य. असल्या स्वच्छ हातांनीच आमचं गाव पुसलं गेलं, मेल्या! घ्या लेखणी. आणि ‘मेल्या’सकट लिहा.”