सुटली म्हणा

मांजर आडवं गेल्यामुळे कोणाचं नुकसान झालंच, तर ते बहुधा मांजराचं होतं; जबलपूर रोडवर सकाळी फिरायला जाणाऱ्या कोणालाही हे पाहता येईल. या वैज्ञानिक सत्यावर कृष्णकांत पांढरीपांडे यांची नितांत श्रद्धा होती. ते नागपूरच्या 'पशुधन विवेक कक्षा'चे प्रमुख प्रबोधन अधिकारी. (जनावरांशी त्यांचा थेट संबंध कधी आला नाही, त्यामुळे त्यांचे विचार स्वच्छ राहिले होते.) राहायला रामदासपेठेत. घराणं भोसल्यांच्या काळापासून दप्तरात, त्यामुळे एकदा मारलेला शेरा मागे घ्यायचा नसतो, हे त्यांना बाळकडूबरोबरच मिळालं होतं.

पारशिवनीकडच्या एका गावात त्यांचं व्याख्यान रंगात आलं असताना सुभद्राबाई नावाच्या शेतकरीणबाई उभ्या राहिल्या.

"साहेब, ते मांजर आडवी गेली का माही बकरी गाभ टाकते. तीन झाल्या. काहून होऊन राहिलं असं?"

कृष्णकांतांना मनापासून आनंद झाला. अंधश्रद्धा अशी स्वतःच्या पायांनी चालत मंचापर्यंत यावी, हे भाग्य सगळ्याच अधिकाऱ्यांच्या वाट्याला येत नाही. त्यांनी तो गोठा तिथल्या तिथे दत्तक घेतला आणि 'पहिला अंधश्रद्धामुक्त गोठा' म्हणून जाहीर केला. 'विवेकभूषण' पुरस्काराच्या प्रस्तावात नेमकी अशाच एका गोठ्याची उणीव होती.

कार्यक्रम सुटसुटीत होता. आधी शपथ. सुभद्राबाईंनी पोटुशी सून कामिनी हिच्या पोटावर हात ठेवून, होणाऱ्या लेकराची शपथ घेतली, की मांजरीला यापुढे कधीही दोष देणार नाही. (शपथेचा हा नमुना कृष्णकांतांनीच सुचवला. विज्ञान लोकांच्या भाषेत सांगावं लागतं.) मग प्रात्यक्षिक. त्याच मांजरीला झेंडूचा हार घालून बकऱ्यांच्या चाऱ्यावर, म्हणजे तुरीच्या कुटाराच्या ढिगावर, सन्मानाने बसवण्यात आलं. तिचं नाव 'चिकित्सा' ठेवलं आणि तिला रोजचं दूध मंजूर झालं. (ते सुभद्राबाईंनी घालायचं होतं.)

चिकित्सेला कुटार फार मानवलं. मऊ, कोरडं, उकरायला सोपं. (मांजर जागा उकरते ती कशासाठी, हा मुद्दा अभियानाच्या कक्षेत येत नव्हता.) पुढे त्याच ढिगावर तिला चार पिल्लं झाली, तीही तिथेच उकरायला शिकली. त्या हंगामात त्या गोठ्यात सुखरूप बाळंत झालेली ती एकटीच. उरलेल्या सगळ्या गाभण बकऱ्यांनी गाभ टाकला. मेलेली करडं टोपल्यात भरून कामिनी उकिरड्यावर नेऊन टाकी, आणि पदरानं डोळे पुसत पुन्हा गोठा झाडायला लागे. कक्षाच्या अहवालात नोंद झाली ती अशी : 'अंधश्रद्धेत शंभर टक्के घट.' (करडांतही तेवढीच, पण तो विषय दुसऱ्या खात्याचा.)

एके दिवशी तालुक्याची पशुवैद्य मुग्धा कृष्णकांतांच्या केबिनमध्ये आली.

"सर, त्या गोठ्यातल्या मेलेल्या करडांचे नमुने तपासून आलेत. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी आहे. मांजरीकडून चाऱ्यात येतो, आणि बकरी गाभण असली की गर्भ पडतो."

"म्हणजे मांजरच?"

"मांजरच. पण आडवी जाऊन नाही सर, हागून."

कृष्णकांतांनी डोळे मिटले. शब्द अशासकीय होता.

"कुटार झाकायचं आणि मांजरींना तिथून हलवायचं, बस," मुग्धा म्हणाली. "पण घाई करा सर. हा रोग माणसालाही होतो. कामिनी पोटुशी आहे आणि रोज तोच गोठा झाडते. मी सासूला सांगून थकले. त्या म्हणतात, 'साहेबायनं लेकराची शपथ देल्ली. मांजरीवर आळ घेतला तं लेकराले लागन.' तुम्ही फक्त एकदा येऊन 'सुटली' म्हणा."

कृष्णकांतांनी प्रस्तावाचा गांभीर्याने विचार केला. शपथ सुटते असं म्हणायचं, म्हणजे ती बांधते हे मान्य करायचं. आणि शपथ बांधते असं मानणं ही तर शुद्ध अंधश्रद्धा.

"डॉक्टर, मी विवेकवादी माणूस आहे," ते म्हणाले. "सुटली म्हणणं माझ्या तत्त्वात बसत नाही."

मुग्धा नमुन्यांचा अहवाल टेबलावर ठेवून निघून गेली. तो 'जनतेत गैरसमज पसरू नये म्हणून' कपाटात गेला.

मात्र कृष्णकांत विज्ञानाला पाठ दाखवणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांची मुलगी अस्मिता बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती, आणि घरात तिची लाडकी मांजर होती. संध्याकाळी ते घरी पोचले तर ती मांजर दारातच आडवी गेली. कृष्णकांत जागच्या जागी थांबले, दोन पावलं मागे सरले (वैज्ञानिक कारणासाठी) आणि त्यांनी ड्रायव्हर बंटीला हाक मारली.

"हिला आत्ताच्या आत्ता सोडून ये."

"कुठं सोडू, साहेब?"

मुक्या प्राण्याला रस्त्यावर सोडणं कृष्णकांतांच्या स्वभावात नव्हतं. मांजरीचा मान राखला जातो असा एकच गोठा त्यांना ठाऊक होता. सुभद्राबाईंनी शपथेला जागून तिलाही कुटारावर बसवलं.

यथावकाश अस्मिताला गोड मुलगी झाली. त्याच आठवड्यात 'विवेकभूषण' जाहीर झाला. कक्षात संत्रा बर्फी वाटली गेली, आणि ज्याने त्याने दोन्ही गोष्टींसाठी अभिनंदन केलं. कामिनीचं काय झालं, हे बर्फी खाताना एकानेही विचारलं नाही. तुम्हीही नाही. तुम्ही अजून 'हागून' या शब्दावर हसत होता.